हवेची बोट पळत का नाही? छोट्या इन्फ्लेटेबलचा खरा वेग आणि तो अडवणाऱ्या गोष्टी

तक्रार जवळपास नेहमी एकसारखीच असते. तीन मीटरची फुगवायची बोट, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, आत दोन माणसं. विकणाऱ्याने तासाला तीस किलोमीटर सांगितले होते. प्रत्यक्षात इंजिन पूर्ण रेस केलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते, समोरचं दिसेनासं होतं, मागे पाण्याचा उंचवटा उभा राहतो आणि मोबाइलवरचा जीपीएस दहा-अकराच्या पुढे सरकत नाही. मग इंजिन मेकॅनिककडे जातं, कार्ब्युरेटर साफ होतो, प्लग नवे बसतात आणि पुढच्या रविवारी मुंबईतल्या मार्व्याच्या पाण्यात पुन्हा तेच दहा-अकरा.

यातल्या बऱ्याच बोटींच्या इंजिनात काहीही बिघडलेलं नसतं. बोट पाण्यावर चढतच नसते. म्हणून दुरुस्तीची सुरुवात इंजिनाचं झाकण उघडून करू नका. हवा, वजन, इंजिनाची उंची, पंखा (प्रोपेलर) आणि सगळ्यात शेवटी इंजिन, याच क्रमाने गेलात तर पहिल्या तीन गोष्टींना खर्च जवळपास शून्य आहे आणि बहुतेक वेळा दोष त्यातच सापडतो.

मधला वेग नसतोच

पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीला तिच्या लांबीने ठरवलेली मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.५ ने गुणा, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये आकडा मिळतो. तीन मीटरच्या बोटीची पाण्याला टेकलेली लांबी अडीच मीटरच्या आसपास भरते. तिचं उत्तर सात किलोमीटर. या वेगाला बोटीने स्वतः उठवलेली लाट तिच्याच लांबीची होते. त्याच्या वर जायचं तर बोटीला आपलीच लाट चढून पुढे यावं लागतं. आठ ते पंधरा किलोमीटर हा तो चढ आहे. घाटात वरच्या गिअरमध्ये अडकलेल्या गाडीसारखी बोट इथे रेटत राहते. पेट्रोल भरपूर जातं आणि वेग काही वाढत नाही.

ताकद पुरली आणि बोटीचा तळ सपाट राहिला तर पंधरा-सतराच्या आसपास नाळ अचानक खाली येते, मागचा उंचवटा सपाट होतो, इंजिनाचा आवाज मोकळा होतो आणि त्याच थ्रॉटलवर वेग वीसच्या पुढे जातो. यालाच प्लेनिंग म्हणतात. म्हणून तुमची बोट दहावर अडकली असेल तर ती तीसपेक्षा 'थोडी कमी' पळते आहे असं समजू नका. ती चढाच्या अलीकडेच आहे. आणि चढाच्या अलीकडे असताना थोडंसं वजन हलवल्यानेसुद्धा कधीकधी बोट पलीकडे जाते.

किती वेगाची अपेक्षा धरायची

ढोबळ हिशोब असा ठेवा: एका हॉर्सपॉवरमागे एकूण वजन २५ किलोपर्यंत असेल तर बोट प्लेन होऊ शकते. एकूण म्हणजे सगळंच, बोट, इंजिन, टाकी, नांगर, माणसं, पाण्याच्या बाटल्या. नुसती माणसं मोजून चालत नाही. हवेच्या फ्लोअरची तीन मीटरची बोट ३०-३५ किलोची असते, लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियम फ्लोअरची ४५-५५ किलोची. चार स्ट्रोकचं सहाचं इंजिन सुमारे २७ किलो, ९.९ चं साधारण ४० किलो, पंधराचं ५० च्या आसपास. बारा लिटरची भरलेली टाकी बारा किलो धरा.

२.५ च्या इंजिनावर सात-आठ किलोमीटर मिळतील आणि तेवढेच मिळणार, त्यात दोष शोधू नका. गोल शेपटीच्या, मागे इंजिनासाठी ब्रॅकेट अडकवायच्या बोटी आणि पट्ट्यांच्या फ्लोअरच्या बोटीही याच गटातल्या, त्यांना जास्त ताकदीचं इंजिन लावून फायदा नाही. सहाच्या इंजिनावर एकटा माणूस, हलकी बोट असेल तर वीस ते पंचवीस. दुसरा माणूस बसला की एकूण वजन २२० च्या पुढे जातं आणि वेग पुन्हा आठ-नऊवर येतो. ९.९ वर दोन माणसं, हवेचं फ्लोअर असेल तर पंचवीस ते तीस. पंधरावर, ३.३ मीटरच्या बोटीत दोन माणसांनी, पस्तीसच्या आसपास.

इंजिन मोठं केलं की वेग त्याच प्रमाणात वाढतो असं नाही. प्लेनिंगमध्ये वेग साधारणपणे ताकद भागिले वजन या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दहावरून पंधरावर गेलात तर ताकद दीडपट होते, पण वेग १.२२ पट, म्हणजे अठ्ठावीसचे चौतीस. त्या सहा किलोमीटरसाठी मागच्या फळीवर, जिथे इंजिन बसतं तिथे, दहा किलो जास्त येतात. बोटीवरच्या प्लेटवर जास्तीत जास्त हॉर्सपॉवर लिहिलेली असते, तिच्या वर जाऊ नका. हलक्या बोटीत एकटा माणूस मागे बसलेला आणि जास्त ताकदीचं इंजिन एकदम रेस केलेलं, अशा वेळी समोरचा वारा नाळेखाली शिरून बोट मागे उलटू शकते.

जाहिरातीतला आकडाही नीट वाचा. नॉटमध्ये असेल तर १.८५२ ने गुणा. पंधरा नॉट म्हणजे जवळपास अठ्ठावीस किलोमीटर, पंधरा मैल म्हणजे चोवीस. एकाने नॉट सांगितले, दुसऱ्याने किलोमीटर ऐकले, असं फार होतं.

आधी नीट मोजा

जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतो, पाण्याच्या नाही. मुंबईच्या बंदरात आणि खाड्यांच्या तोंडाशी हा फरक मोठा आहे. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि तेवढं पाणी अरुंद तोंडातून आत-बाहेर जातं. ओढ दोन नॉटची असेल तर सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, जाताना ३.७ किलोमीटर जास्त दिसतील आणि उलट येताना तेवढेच कमी. एकाच बोटीचे दोन आकडे, सात किलोमीटरच्या फरकाने! त्यामुळे 'काल बावीस होता, आज पंधरा झाला' या तक्रारीत पुष्कळदा बोटीचा संबंधच नसतो.

म्हणून अर्धा किलोमीटरचा सरळ पट्टा निवडा, पूर्ण थ्रॉटलवर एकदा जा, लगेच उलट या आणि दोन्हींची सरासरी घ्या. भांगाच्या दिवशी, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढ कमी असते. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट हा कोळीवाड्यातला हिशोब अंदाजापुरता चालतो: अष्टमीला सहाच्या सुमारास. नक्की वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. पूर्ण भरतीला पाणी थांबलेलं असताना सकाळी मोजा. दुपारी वायव्येचा वारा सुटला की आकड्यांना अर्थ उरत नाही. मोजताना टाकी किती भरली होती, माणसं किती आणि कुठे बसली होती, इंजिनाचा कोन ठरवणारी पिन कितव्या भोकात होती, हे वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

हवा

सगळ्यात जास्त बोटी इथेच अडतात. ट्यूबमध्ये साधारणपणे ०.२५ बार हवा लागते, हवेच्या कडक फ्लोअरमध्ये ०.७ ते ०.८ बार, आणि तळाच्या कीलमध्ये, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या फुगीर कण्यात, ट्यूबइतकीच. नेमका आकडा बोटीच्या व्हॉल्व्हजवळ किंवा प्लेटवर असतो, तोच पाळा. गादी फुगवायच्या विजेच्या पंपाने ट्यूबचा आकार येतो, दाब येत नाही. गाडीच्या टायरचा गेजही निरुपयोगी, कारण त्याच्यावर पाव बार दिसतच नाही. शून्य ते एक बारचा गेज लागतो. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत तो शोधा आणि व्हॉल्व्हला बसेल असा नळीचा तुकडा जोडून घ्या. उलट टोकाची चूक म्हणजे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरणं. तो दाब ट्यूबच्या आतले पडदे फाडतो, आणि आतला पडदा फाटला की दुरुस्ती जवळपास होतच नाही.

भरताना एक कप्पा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. सगळे कप्पे आधी अर्धे, मग आळीपाळीने पूर्ण. लाकडी फ्लोअर असेल तर फळ्या नीट बसल्यावर कील शेवटी भरा. कील मऊ राहिली तर तळाला मध्येच खोलगट भाग तयार होतो. तो पाणी धरून ठेवतो आणि बोट चढाच्या अलीकडेच राहते.

आता उन्हाचा हिशोब. वाळूवर उन्हात पसरलेल्या बोटीत आतली हवा ४५ अंशांवर असताना तुम्ही बरोबर ०.२५ बार भरली. पाण्यात टाकल्यावर ती २८ अंशांवर आली की दाब ०.१८ च्या आसपास उरतो. म्हणजे हवा न गळताच पाव हिस्सा दाब गेला! कुठे छिद्र आहे म्हणून साबणाचं पाणी लावत बसण्याआधी बोट दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि पंपाचे पुन्हा चार-सहा फटके मारा. परत येताना उलटं करायचं: पूर्ण भरलेली बोट भर उन्हात वाळूवर ओढली तर गडद रंगाच्या ट्यूबमधला दाब ०.३८ पर्यंत चढू शकतो. किनाऱ्याला लागल्या लागल्या प्रत्येक कप्प्यातून थोडी हवा सोडा.

हवा पुरेशी आहे का हे चालत्या बोटीतही दिसतं. अर्ध्या थ्रॉटलवर छोट्या लाटेवर जा आणि चालवणाऱ्याखेरीज दुसऱ्याने ट्यूबच्या मधल्या भागाकडे बघत राहावं. लाट नाळेखाली आली की कडक बोट सबंध उचलली जाते. मऊ बोट मध्यावर बिजागरीसारखी वाकते, ट्यूबवर आडव्या सुरकुत्या पडतात आणि फ्लोअर पायाखाली हलतं. सुरकुती दिसली की इतर काहीही तपासू नका, आधी हवा.

वजन कुठे आहे

टिलरच्या, म्हणजे इंजिनाच्या दांड्याने वळवायच्या, बोटीत चालवणारा मागे बसतो. तिथेच चाळीस किलोचं इंजिन. सवयीने टाकीही तिथेच ठेवलेली. तिघांचं मिळून सव्वाशे किलो मागच्या फूटभर जागेत, आणि पुढे काहीच नाही. नाळ वर जाणार नाही तर काय होईल?

टाकी नाळेच्या जवळ न्या. त्यासाठी नळी तीन मीटरपर्यंत लागेल. आउटबोर्डसाठीचीच, आतून ८ मिलिमीटरची घ्या आणि प्रायमरचा फुगा (हाताने दाबून पेट्रोल ओढायचा) इंजिनाच्या बाजूला, बाण इंजिनाकडे असा ठेवा. नांगर, दोर, डबा, सगळं पुढे. टिलरला लांबी द्या: मुठीवर घट्ट बसेल असा साठ-सत्तर सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप, टोकाला दोन चिरा देऊन होज क्लिपने आवळलेला. चालवणारा त्यामुळे मधल्या पाटावर बसू शकतो. एकट्याने जाणाऱ्यासाठी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल आहे. किल स्विचची, म्हणजे माणूस पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची, दोरी मात्र त्या पाइपाला न बांधता माणसाच्या मनगटाला किंवा लाइफजॅकेटलाच हवी. पुढे बसल्यावर दोरी अपुरी पडते म्हणून ती काढून ठेवायची नाही, लांब दोरी आणायची.

दोघे असाल तर बोट चढ चढत असताना दुसऱ्याने मध्याच्या पुढे बसायचं आणि प्लेन झाल्यावर हळूच मागे सरकायचं. पुढेच बसून राहिलं तर नाळ पाण्यात रुतते आणि मिळालेला वेग पुन्हा जातो.

पाण्याचं वजन लोक विसरतात. फ्लोअरवर तीन सेंटिमीटर पाणी म्हणजे या मापाच्या बोटीत तीस लिटर, म्हणजे तीस किलो. ते स्थिरही नसतं. नाळ उचलली की सगळं मागे धावतं. हवेच्या फ्लोअरखाली आणि कापडी तळाच्या वर साचलेलं पाणी तर वरून दिसतही नाही. फ्लोअरची कड उचलून बघा, ड्रेनची बूच नीट बसते का पाहा.

इंजिनाची उंची आणि कोन

पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते, कॅव्हिटेशन प्लेट, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी. बोट पूर्ण फुगवून कठीण जमिनीवर ठेवा, कीलच्या शेजारून तळाला सरळ पट्टी लावा आणि ती मागे प्लेटपर्यंत न्या. आखूड शाफ्टचं इंजिन १५ इंची फळीसाठी असतं आणि लांब शाफ्टचं २० इंची फळीसाठी. जुनं इंजिन मासेमारीच्या होडीवरून आलेलं असेल तर ते बहुतेक वेळा लांब शाफ्टचं निघतं. १५ इंची फळीवर ते लावलं की इंजिनाचा पाण्यातला पाय तेरा सेंटिमीटर जास्त खोल जातो. तो सगळा पाय पाणी फाडत चालतो आणि फळीच्या मागे कारंजं उडत राहतं. असं फवारणारं पाणी बोटीत येत असेल तर दोष जवळपास नक्की हाच. लांब शाफ्टला फळी उंच करायची म्हणजे इंजिनाचा जोर फळीच्या सांध्यावर जास्त येतो. पाच इंचांसाठी तो खटाटोप करू नका, शाफ्ट बदला किंवा इंजिन बदला.

दोन-चार सेंटिमीटरचा फरक असेल तर मरीन प्लायच्या एक-एक सेंटिमीटरच्या पट्ट्या क्लॅम्पखाली घालून उचलत जा. प्रत्येक पट्टीनंतर मोजा. वळणावर इंजिनाचा आवाज एकदम चढू लागला, म्हणजे पंखा हवा ओढू लागला, की एक पट्टी काढा. तिथेच तुमची उंची ठरली. क्लॅम्पचे स्क्रू हाताने पूर्ण आवळा, दहा मिनिटं चालवून पुन्हा आवळा आणि इंजिन सुरक्षा दोराने फळीच्या कडीला बांधलेलंच असू द्या.

कोन ठरतो तो पिनच्या भोकांनी. बोट पूर्ण वेगात असताना प्लेट पाण्याला समांतर हवी. पिन फळीच्या फार जवळ असेल तर नाळ रुतते आणि टिलर जड होतं. फार लांब असेल तर नाळ आपटत राहते, वरखाली, वरखाली, आणि थ्रॉटल कमी केल्याशिवाय थांबत नाही. फळीकडून दुसऱ्या भोकापासून सुरुवात करा. प्लेटवर बसवायचा फिन, म्हणजे पंखासारखी आडवी पट्टी, मागचा भाग उचलतो, चढ लवकर पार होतो, पण माथ्याचा वेग किंचित कमी होतो. वरचं सगळं करूनही बोट चढत नसेल तरच तो घ्या.

पंखा

इथे आकडेमोड उपयोगी पडते. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर जितका पुढे जाईल ते अंतर, इंचांत घ्या, इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ०.००१५२४ ने गुणा आणि गिअरच्या प्रमाणाने भागा. हा कागदावरचा ताशी किलोमीटर वेग. या ताकदीच्या अनेक इंजिनांत गिअर २७:१३, म्हणजे २.०८ असतो. ५५०० फेरे आणि ९ चा पिच धरला तर ३६ येतात. छोट्या इन्फ्लेटेबलमध्ये वीस टक्के घसरण सहज होते, म्हणजे प्रत्यक्षात २९. तेच इंजिन होडीवरून ७ च्या पिचच्या पंख्यासह आलं असेल तर कागदावर २८ आणि पाण्यात बावीस-तेवीस. ओझं ओढायला तो पंखा उत्तम, पण तुमच्या हलक्या बोटीत तो इंजिन नुसतं गरगर फिरवतो. पिच पंख्याच्या बुडख्यावर (मधल्या गोलावर) किंवा पात्यावर कोरलेला असतो, दोन आकड्यांपैकी दुसरा. पहिला व्यासाचा.

फेरे मोजल्याशिवाय पंखा बदलू नका. प्लगच्या वायरला चार-पाच वेढे देऊन चालणारा छोटा टॅकोमीटर मिळतो. त्यात आपल्या इंजिनाप्रमाणे ठिणगीचं सेटिंग बरोबर लावावं लागतं, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. नेहमीच्या वजनासह पूर्ण थ्रॉटलवर फेरे इंजिनाच्या पुस्तकातल्या पट्ट्यात यायला हवेत. चार स्ट्रोकच्या छोट्या इंजिनांत तो बहुधा ५००० ते ६००० असतो. पट्ट्याच्या वर गेले तर एक इंच जास्त पिच, खाली राहिले तर एक इंच कमी. एका इंचाने साधारण १५० ते २०० फेरे हलतात.

फेरे भरपूर, आवाज मोकळा, तरीही वेग नाही, आणि अर्ध्या थ्रॉटलपर्यंत सगळं ठीक वाटतं, अशी लक्षणं असतील तर पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असू शकतं. तपासणी सोपी आहे. बुडखा आणि आतली पितळी नळी यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ ओढा. बोट जोर लावून चालवा आणि परत बघा. रेघ तुटून सरकली असेल तर रबर घसरतं आहे.

आणि मुंबईतला सगळ्यात नेहमीचा दोष: प्लास्टिकची पिशवी. चांगली चालणारी बोट अचानक मंदावते, पाय थरथरतो. रिव्हर्स टाकून पाहा, पिशवी बरेचदा उलगडून जाते. नाही गेली तर इंजिन बंद, किल स्विचची क्लिप काढून हातात, मगच पाय वर. पिशवीपेक्षा तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, जास्त वाईट. ते पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळलं जातं, बाहेरून दिसत नाही आणि हळूहळू ऑइल सील कापतं. महिन्यातून एकदा पंखा काढून शाफ्ट बघा. गिअर ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी आत गेलं, आता सील बदलायलाच हवं. बोट पाण्यातच बांधून ठेवत असाल तर पाय आणि तळ बार्नेकलने (चिकटून वाढणाऱ्या कवचाच्या जीवांनी) भरतात, आणि तळावरचा खरखरीत थर एकट्याने बोट चढावर रोखू शकतो.

आता इंजिन

इथवर सगळं जागेवर असेल आणि फेरे तरी चढत नसतील, तरच झाकण उघडा.

इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवा आणि कार्ब्युरेटरचं पान पूर्ण आडवं होतं का पाहा. केबल ताणलेली असेल तर तुम्ही पूर्ण समजता तो पाऊणच थ्रॉटल असतो.

पाच-दहा मिनिटं झकास चालून मग दम सोडत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. टाकी आत ओढली गेलेली दिसेल. फुगा चपटा होत असेल तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे. फुगा दाबल्यावर इंजिन पुन्हा जोर धरत असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा किंवा सांध्यातून शिरणारी हवा तपासा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थर जमू शकतो. जूनच्या आधी टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरचं भांडं काढून सुकवा. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून सुटतात आणि त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (बारीक छिद्रात) अडकतात, तेव्हा नळी जुनी असेल तर जेट साफ करण्याआधी नळी बदला, नाहीतर महिन्याभरात तोच जेट पुन्हा भरेल. दोन स्ट्रोकमध्ये टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच तेल घाला, मोटारसायकलचं नाही. ५०:१ असेल तर बारा लिटरला २४० मिली.

दोन सिलिंडरच्या इंजिनातला एक बंद पडला तरी ते चालू राहतं, आयडलला थोडं थरथरतं एवढंच, पण प्लेन कधीच करणार नाही. चालत्या इंजिनाची प्लगची टोपी काढून तपासू नका, त्याने इग्निशनचा बॉक्स जाऊ शकतो आणि शॉकही बसतो. पूर्ण थ्रॉटलवरून थेट बंद करा, दोन्ही प्लग काढा. एक ओला आणि एक कोरडा निघाला तर दोष ओल्याच्या बाजूला.

मागून पडणारी पाण्याची धार बघा. धार बारीक असेल तर इंजिन तापतं आणि नव्या इंजिनांत फेरे आपोआप रोखले जातात. चालकाला ते 'वेग गेला' असं वाटतं. आपल्या खाड्यांतला गाळ पंपाचं रबरी चक्र लवकर झिजवतो, ते दर वर्षी बदला. प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा.

चाचणी कुठे

गेटवेसमोर वेगाची चाचणी घेऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला जाणाऱ्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. ज्या पाण्यात प्रवासी बोटी, मोठी जहाजं आणि मचवे एकत्र चालतात तिथे पूर्ण थ्रॉटलचा प्रयोग करायचा नसतो. मनोरी-मार्वेच्या बाजूला सकाळी, फेरीबोटीचा मार्ग सोडून, आणि तिथल्या बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात विचारूनच जा. डोल जाळ्यांचे बोये आणि खुंट ओहोटीला दिसतात ते भरतीला पाण्याखाली असतात, म्हणून आदल्या ओहोटीला पट्टा डोळ्यांखालून घाला.

सपाट पाण्यात मिळालेला आकडा उघड्या समुद्रात मिळत नाही. दुपारी फूटभर लाटा उठल्या की तीन मीटरच्या बोटीला पंधरा-अठराच्या वर पळवणं म्हणजे प्रत्येक लाटेवर फळीचा सांधा आपटवणं. अशा पाण्यात प्लेन जेमतेम टिकेल इतकाच थ्रॉटल ठेवा, पिन एक भोक फळीकडे घ्या, आणि परतल्यावर फळी ज्या ठिकाणी ट्यूबला चिकटवलेली आहे तिथे दोन्ही बाजूंना हाताचं बोट फिरवून बघा. डिंक सुटायला लागला असेल तर तो आधी तिथेच जाणवतो.